जुन्या रायफलीवरचे शिक्के अन् पार्ट कसे ओळखायचे

मराठवाड्यात जुन्या वाड्यात, पोलिसांच्या शस्त्र प्रदर्शनात, संग्रहालयात काचेमागं ली एनफिल्डसारखी (इंग्रज फौजेची .303 बोअरची, म्हणजे थ्री नॉट थ्री) एखादी जुनी लष्करी रायफल दिसली की बघणारा लगेच म्हणतो, ही निजामाच्या काळातली. असेलही, पण ती कुठल्या कारखान्यातली अन् कुठल्या सालची हे तिच्या लोखंडावरच कोरलेलं असतं, ते वाचायला शिकलं पाहिजे.

रायफल घरातली असेल तर आधी कागद बघा. लायसन्स कुणाच्या नावावर आहे, आणि ज्याच्या नावावर होतं तो माणूस वारला असेल तर बंदूक घरात न ठेवता पोलीस ठाण्यात किंवा लायसन्सवाल्या डीलरकडं जमा करायची असते, थ्री नॉट थ्री तर प्रोहिबिटेड बोअरमध्येच (सामान्य माणसाला बंदी असलेल्या बोअरमध्ये) येते. आत काडतूस नाही ना हे डीलरकडूनच तपासून घ्या, स्वतः बोल्टशी (काडतूस आत ढकलणाऱ्या मुठीच्या दांड्याशी) खेळू नका.

दुसरी गोष्ट, आणि ही मी हात जोडून सांगतो, पॉलिश पेपर मारू नका! दसऱ्याच्या पूजेत हळदीकुंकू अक्षरांत जाऊन बसतं, वर्षानुवर्षं तेल साचतं, ते मऊ कापडानं अन् थोड्या बंदुकीच्या तेलानं निघतं. घासून चकाचक केलेल्या रायफलीवरचे शिक्के गेले की गेले, परत येत नाहीत. मग टॉर्च एका बाजूनं तिरपा धरा, समोरून उजेड टाकला तर काहीच दिसत नाही, तिरप्या उजेडात पुसट अक्षरं पण उठून दिसतात.

आता दस्ता जिथं लोखंडाला मिळतो, बोल्टच्या मुठीच्या खाली, तो लोखंडी गळा बघा. शॉर्ट ली एनफिल्डवर उजव्या बाजूला सगळी कुंडली इथंच असते. वर मुकुट, त्याखाली राजाची अक्षरं, मग कारखाना, मग साल, मग मार्क, म्हणजे मॉडेलचा नंबर. व्ही आर म्हणजे व्हिक्टोरिया राणी, 1901 पर्यंत. ई आर म्हणजे एडवर्ड सातवा, 1901 ते 1910. जी आर मात्र पाचवा जॉर्ज पण आणि सहावा पण, त्यामुळं तिथं साल वाचल्याशिवाय बोलायचंच नाही. एनफिल्ड लिहिलेलं असेल तर ते लंडनजवळचं गाव, तिथं सरकारी कारखाना होता. आपल्या बुलेटवाल्या कंपनीनं नाव तिथूनच घेतलं पण रायफल त्यांची नव्हे. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅमची, लिथगो ऑस्ट्रेलियाची, आणि इशापूर म्हणजे आपली बंगालमधली. बाणाच्या खुणेखाली आय असेल तर तो हिंदुस्थान सरकारच्या मालकीचा शिक्का. मुकुटाऐवजी अशोकस्तंभाचे सिंह असतील तर स्वातंत्र्यानंतरची.

इथंच नकली माल पण पकडता येतो. पेशावरकडच्या दर्रा भागात हातानं बनवलेल्या बंदुकांवर इंग्रजी एन उलटा कोरलेला, एनफिल्डचं स्पेलिंग चुकलेलं, किंवा व्ही आर च्या खाली 1901 नंतरचं साल असं दिसतं. राणी 1901 मध्ये वारली, तर तिचा शिक्का 1912 ला कुठून येणार?

मार्क तीन अन् मार्क तीन स्टार मधला फरक पार्टवरून कळतो. साध्या मार्क तीनला मॅगझिन (काडतुसांची पेटी) बंद करायची कट-ऑफ पट्टी आणि डाव्या बाजूला लांब पल्ल्याची वेगळी साइट (नेम धरायची खूण) असते, पहिल्या महायुद्धात काम भरभर व्हावं म्हणून स्टारवाल्यात ती काढून टाकली. नळीचं टोक लाकडाच्या अन् नोजकॅपच्या (पुढच्या टोकावरच्या लोखंडी टोपीच्या) बाहेर ठळक आलेलं आणि मागची साइट बोल्टजवळ असेल तर ती नंबर चार, दुसऱ्या महायुद्धातली. दिसायला शॉर्ट एनफिल्डसारखीच पण मॅगझिन चौकोनी अन् आर एफ आय (रायफल फॅक्टरी इशापूर) टू ए किंवा टू ए वन लिहिलेलं असेल तर ती इशापूरची, 1960 च्या दशकापासून बनलेली, 7.62 मिलिमीटरची. साइटच्या पट्टीवर टू ए ला 2000 पर्यंत आकडे, टू ए वन ला 800 पर्यंत. लाकडावर तांब्याची तार गुंडाळलेली दिसली तर ती दुरुस्ती नाही, ग्रेनेड फेकायला मजबुती दिलेली असते. डी पी शिक्का म्हणजे फक्त कवायतीची, ती कधीच चालवायची नसते. आणि नळीत आतून आटे नसतील, गुळगुळीत असेल, तर ती पोलिसांसाठी .410 ची केलेली मस्केट असू शकते.

शेवटी नंबर जुळवा. बोल्टच्या मुठीमागं, रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात सरकतो त्या लोखंडी भागावर), नळीवर, नोजकॅपवर, साइटच्या पट्टीच्या खालच्या अंगाला. सगळीकडं एकच नंबर असेल तर पार्ट मूळचे, नाहीतर कारखान्यात दुरुस्तीच्या वेळी बदललेत, आपल्याकडं हे लै वेळा दिसतं अन् त्यात वाईट काही नाही, फक्त मग एका शिक्क्यावरून अख्ख्या रायफलीचं साल ठरवू नका. लिहून घेताना मुकुट, स्टार, बाण जसे दिसायलेत तसेच चित्र काढून घ्या, अंदाजानं पूर्ण करू नका, अन् जे पुसट आहे त्याच्यापुढं प्रश्नचिन्ह टाका.