टाळ्यांनी मोजा आवाजाचा वेग, नळीने तपासा कानाचं घड्याळ

आवाजाचा वेग मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. एक मोठी सपाट भिंत, तिच्यासमोर मोकळं मैदान, मोबाइलमधलं स्टॉपवॉच आणि एक सोबती, एवढ्यावर काम भागतं. आमच्या भागातल्या एका शाळेच्या मैदानावर मी हा प्रयोग मुलांबरोबर केला. परीक्षेसाठी पाठ केलेला आकडा आपल्याच टाळ्यांतून निघतो, याचा आनंद फार मोठा असतो. म्हणून सगळं बारकाईने सांगते.

टाळी वाजते तेव्हा तळहातांमधली हवा झटकन बाहेर दाबली जाते. ती शेजारच्या हवेला रेटते, ती पुढच्या हवेला. गर्दीच्या लोकलमध्ये मागून कुणी रेटलं की दारातल्या माणसाला धक्का बसतो, पण रेटणारा मागेच असतो. इथेही प्रवास धक्क्याचा होतो, हवा जागच्या जागी पुढे-मागे हलते. दाटीच्या पट्ट्याला संपीडन आणि त्यामागच्या विरळ पट्ट्याला विरलन म्हणतात, हे शाळेत शिकलेलं आठवत असेल. हा धक्का भिंतीवर आपटून परत येतो तो प्रतिध्वनी. मूळ आवाजानंतर साधारण 0.1 सेकंदाच्या आत तो परतला, तर कान दोन्ही आवाज एकच समजतो. त्यामुळे भिंत निदान 17 मीटर तरी लांब हवी. आपल्याला मोजायचं आहे, तेव्हा 60-70 मीटर अंतर घ्या.

भिंतीला ठेका धरायला लावा

पहाटे किंवा सकाळी लवकर जा. वारा आणि रहदारी, दोन्ही कमी असतात. भिंत दोन-तीन मजली असेल तर उत्तम, आणि तुमच्या पाठीमागे इमारत नको, नाहीतर दोन्हीकडून प्रतिध्वनी येऊन गोंधळ होतो. 10 मीटरची दोरी मोजून घ्या आणि भिंतीपासून सात वेळा टाकत या. पावलांवर विसंबू नका. मग एक टाळी वाजवून बघा. 'टप्' असा स्वच्छ आवाज परत आला तर जागा योग्य. हातांचा आवाज कमी पडत असेल तर लाकडाचे दोन ठोकळे एकमेकांवर आपटा.

आता खरी युक्ती. एकाच टाळीचा प्रतिध्वनी स्टॉपवॉचने मोजायला गेलात तर फसाल. तो 0.4 सेकंदात परततो आणि बटण दाबताना अंगठ्याची चूक सहज 0.2 सेकंदाची होते, म्हणजे निम्मा हिशोबच गेला. त्याऐवजी एका लयीत टाळ्या वाजवा आणि लय अशी जुळवा की प्रत्येक प्रतिध्वनी दोन टाळ्यांच्या बरोबर मधे पडेल. गाणं शिकलेल्यांना हे लगेच जमतं: टाळी तुमची, खाली भिंतीची. प्रतिध्वनी टाळीच्या फार मागोमाग येत असेल तर लय वाढवा, पुढच्या टाळीला येऊन भिडत असेल तर लय सोडा. दोन-तीन मिनिटांत हात आपोआप बसतात.

लय बसली की सोबत्याने एका टाळीला 'शून्य' म्हणत घड्याळ चालू करायचं आणि 'वीस' म्हणताना बंद करायचं. शून्य विसरू नका. 'एक'पासून सुरू केलंत तर वीस टाळ्यांमध्ये मोकळ्या जागा एकोणीसच असतात. आमच्या पहिल्या खेपेला नेमकं हेच झालं आणि वेग सेकंदाला 364 मीटर निघाला.

दुसऱ्या खेपेला वीस जागांना 16.2 सेकंद लागले. म्हणजे दोन टाळ्यांमध्ये 0.81 सेकंद आणि प्रतिध्वनीला त्याच्या निम्मे, 0.405 सेकंद. तेवढ्या वेळात आवाज 70 मीटर गेला आणि 70 मीटर आला. 140 भागिले 0.405, उत्तर सेकंदाला सुमारे 346 मीटर. आता हवेच्या तापमानाशी ताळा करा. शून्य अंश सेल्सिअसला आवाजाचा वेग 331 मीटर असतो आणि दर अंशामागे साधारण 0.6 मीटर वाढतो. 30 अंशाला 349 यायला हवे. चूक एक टक्क्याच्या आत!

आयझॅक न्यूटनने केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या लांब ओवरीत असाच प्रतिध्वनी लंबकाच्या मदतीने मोजला होता. 1687 साली त्याने कागदावर काढलेला वेग मात्र खऱ्यापेक्षा सुमारे 15 टक्के कमी भरला. दाबली गेलेली हवा क्षणभर तापते, हे त्याच्या गणितात नव्हतं. ती उणीव पुढे फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने भरून काढली.

मैदान सोडण्याआधी एकदा हळू टाळ्या वाजवून बघा. लय तीच राहते. आवाज लहान असो की मोठा, हवेत धावतो एकाच वेगाने. स्वर खालचा की चढा यानेही फरक पडत नाही. पडला असता तर दूरवरून ऐकताना ढोल एकीकडे आणि ताशा दुसरीकडे अशी ठेक्याची मोडतोड झाली असती.

आता कानाची पाळी

हा 346 चा आकडा घरी घेऊन या. हार्डवेअरच्या दुकानातून पारदर्शक मऊ प्लास्टिकची एक मीटर नळी आणा, साधारण बोटाच्या जाडीची. टेपने मोजून बरोबर मध्यावर स्केचपेनने खूण करा आणि दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटरवर दहापर्यंत खुणा करा. ऐकणाऱ्याने नळी पाठीमागून घेऊन दोन्ही टोकं कानांशी नुसती टेकवायची, आत खुपसायची नाहीत. नळीत ओरडणं, फुंकणं अजिबात नको. कान वाहत असेल किंवा पडद्याला छिद्र असेल त्याने ऐकणाऱ्याची जागा घेऊ नये.

दुसऱ्याने पाठीमागून पेन्सिलीने नळीवर हलकेच टिचकी मारायची. आवाज डावीकडे की उजवीकडे, एवढंच ऐकणाऱ्याने सांगायचं. 10 सेंटिमीटरपासून सुरू करा आणि मध्याकडे सरकत या. प्रत्येक अंतरावर बाजू अदलून-बदलून दहा टिचक्या मारा. दहात पाच उत्तरं तर नुसत्या अंदाजानेही बरोबर येतात, आठ-नऊ आली तरच खरं ऐकू येतंय असं धरा.

बरेच जण दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत बिनचूक सांगतात, काही एकपर्यंत पोचतात. एक सेंटिमीटर उजवीकडे टिचकी मारली की उजवीकडची वाट एकने कमी आणि डावीकडची एकने जास्त होते. फरक दोन सेंटिमीटरचा. 0.02 भागिले 346 करा, उत्तर सेकंदाचा सुमारे सतरा हजारावा भाग! अंगठ्याला 0.2 सेकंद सांभाळता येत नव्हते, आणि दोन कानांना एवढासा फरक कळतो.

हे घडतं कसं? धक्का कानाच्या पडद्यावर येतो. हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन चिमुकली हाडं तो आत पोचवतात. शंखासारख्या कर्णावर्तातल्या द्रवात लाट उठते आणि तिथल्या केसांसारख्या टोकांच्या पेशी ती चेतातंतूंच्या भाषेत बोलतात. दोन्हीकडचे संदेश मेंदूच्या तळाशी भेटतात आणि कोणता आधी आला हे तिथे ठरतं. एका कानात अशा पेशी साधारण पंधरा हजार. माणसात त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीसमोर लेकरांना खांद्यावर घेऊन उभे असलेले बाप दिसले की जीव तुटतो. पोराला घेऊन लांब जा, एवढंच त्यांना सांगावंसं वाटतं.

उत्तरं सतत एकाच बाजूला झुकत असतील तर नळीची टोकं अदलाबदल करून पुन्हा बघा. झुकाव त्याच कानाकडे राहिला तर एकदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. बरेचदा नुसता मळ असतो.

शेवटी नळीवरच्या खुणा झाका. पेन्सिलीने टिचक्या मारत डावीकडून हळूहळू सरका आणि आवाज डोक्याच्या मधोमध आला की ऐकणाऱ्याने 'थांब' म्हणायचं. तिथे रेघ मारा. मग तसंच उजवीकडून. आमच्या दोन रेघांमध्ये दीड सेंटिमीटरचं अंतर पडलं आणि टेपने काढलेला मध्य त्यांच्या आतच होता.