विखुरलेला व्यावसायिक डेटा एका जागी कसा आणायचा?

विक्री विभागाचा महिन्याचा आकडा एक, हिशेब विभागाचा दुसरा आणि गोदामाच्या सॉफ्टवेअरचा तिसराच. गंमत म्हणजे तिन्ही बरोबर असू शकतात. विक्रीवाले ऑर्डर आली की मोजतात, हिशेबवाले बिल झालं की, आणि गोदामवाले माल बाहेर पडला की. म्हणून कुठलंही टूल विकत घेण्याआधी ‘विक्री’ म्हणजे नेमकं काय, हे तिघांना एकत्र बसवून ठरवा आणि लिहून ठेवा. कंटाळवाणं काम आहे, पण हे टाळलं तर पुढे प्रत्येक मीटिंगमध्ये हाच वाद होतो.

मग कोणती माहिती कुठे आहे याची यादी करा. एकच गोष्ट दोन ठिकाणी असेल, उदाहरणार्थ ग्राहकाचा पत्ता, तर कुठला खरा मानायचा तेही आत्ताच ठरवा.

आता प्रत्येक सिस्टीममधून डेटा काढा आणि जसा आला तसा, हात न लावता, वेगळ्या टेबलांमध्ये ठेवा. साफसफाई नेहमी त्याच्या प्रतीवर करायची. चूक झाली तर मूळ शाबूत राहतं. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) मात्र डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका. ‘००४५१७’ हा कोड तिथे ‘४५१७’ होतो. १६ आकडी नंबरचा शेवटचा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल १५च आकडे अचूक धरतं. असे कॉलम टेक्स्ट म्हणूनच इम्पोर्ट करा. शिवाय एका शीटवर १०,४८,५७६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. मोठ्या कामाला पोस्टग्रेसक्यूएलसारखा डेटाबेसच हवा.

तारखांचंही बघा. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? सगळ्या तारखा वर्ष-महिना-दिवस अशा एकाच साच्यात आणा.

खरी कसोटी नोंदी जुळवताना लागते. नावावरून ग्राहक जुळवू नका. स्पेलिंग बदलतं, एका नावाचे दोघे असतात. ईमेल किंवा फोन नंबर बरा, पण तोही आधी एकसारखा करून घ्या: स्पेस काढा, ईमेल लहान अक्षरांत आणा. प्रत्येक ग्राहकाला स्वतःचा एक क्रमांक द्या आणि कुठल्या सिस्टीममधला कोणता आयडी त्याचा, हे एका टेबलात नोंदवा. माझ्या मते सगळ्या प्रकल्पातलं सर्वांत मोलाचं टेबल हेच. जिथे शंका आहे तिथे माणसानेच निर्णय घ्यावा.

टेबलं जोडताना एक सापळा हमखास लागतो. १०,००० ची एक ऑर्डर आणि तिचे तीन हप्ते थेट जॉइन केले, की ऑर्डर तीनदा दिसते आणि विक्री ३०,००० होते. आधी हप्त्यांची ऑर्डरनिहाय बेरीज करा, मगच जोडा. नंतर एका जुन्या, हिशेब बंद झालेल्या महिन्याची बेरीज मूळ सिस्टीमशी ताडून पाहा. ती जुळेपर्यंत डॅशबोर्ड, म्हणजे सगळे आकडे एका नजरेत दाखवणारा स्क्रीन, कुणाला दाखवू नका.

अपडेट रोज आपोआप होऊ द्या. फक्त बदललेल्या नोंदी आणत असाल, तर मूळ सिस्टीममधून डिलीट झालेली ऑर्डर त्यात येतच नाही आणि तुमच्याकडे तशीच राहते. तेव्हा आठवड्यातून एकदा दोन्हीकडचे सगळे ऑर्डर नंबर ताडून पाहा, आणि शेवटचं अपडेट कधी झालं ते डॅशबोर्डवर ठळक दिसू द्या.