बंदरावरून ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग शिकताना

एनकॅप्सुलेशन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम यांच्या व्याख्या तोंडपाठ असलेल्या विद्यार्थ्याचाही हात प्रॅक्टिकलला कोरा एडिटर समोर आला की थबकतो. म्हणून व्याख्या शेवटी ठेवाव्यात आणि आधी रोज नजरेसमोर चालणारे एखादे कामकाज निवडावे. रत्नागिरीच्या विद्यार्थ्याने मिरकरवाडा बंदर घ्यावे. ओस्लोमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी घडवलेली सिम्युला ही भाषासुद्धा खऱ्या जगातल्या हालचालींचे सिम्युलेशन करण्यासाठीच जन्मली होती, आणि क्लास (एका प्रकारच्या वस्तूंचा साचा) व सबक्लास (त्या साच्याचा उपप्रकार) या कल्पना तिच्या १९६७ च्या आवृत्तीतून पुढे आल्या.

प्रथम कागदावर नौका, तांडेल (नौकेचा प्रमुख), लिलाव अशी नावे लिहावीत आणि प्रत्येकाला काय माहीत आहे व काय करता येते, एवढेच विचारावे. मग फक्त नौकेचा क्लास लिहावा. टाकी ३,००० लिटरची आहे, २,८०० लिटर डिझेल शिल्लक आहे आणि कोणी आणखी ५०० लिटर भरू पाहत आहे, तर डिझेल भरणाऱ्या मेथडने (क्लासमधल्या त्या कृतीच्या कोडने) नकार दिला पाहिजे. शिलकीचे व्हेरिएबल प्रायव्हेट, म्हणजे फक्त क्लासच्या आतूनच बदलता येणारे, नसेल, तर प्रोग्राममधली कुठलीही ओळ त्यात उणे ५० लिहू शकते आणि चूक भलतीकडेच उघडकीस येते. हेच एनकॅप्सुलेशन.

यापुढची पायरी घाईने ओलांडू नये, कारण बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. जावामध्ये एक नौका तयार करून ती पहिल्या व्हेरिएबलमध्ये ठेवावी, दुसऱ्याला पहिले असाइन करावे, दुसऱ्यातून १०० लिटर भरावे आणि पहिल्याची शिल्लक छापावी. तीही वाढलेली दिसते, कारण धक्क्याला नौका एकच लागलेली आहे, तिला हाका मात्र दोन नावांनी मारल्या जात आहेत. सी प्लस प्लसमध्ये साध्या ऑब्जेक्टचे (क्लासवरून घडवलेल्या वस्तूचे) असेच असाइनमेंट केले, तर प्रत तयार होते आणि नौका दोन राहतात. दोन्हींची चित्रे चौकोन आणि बाण काढून स्वतः रेखाटावीत. नुसते वाचून हे मनात ठसत नाही.

इनहेरिटन्स, म्हणजे एका क्लासचे गुण दुसऱ्याने वारशाने घेणे, वापरण्यापूर्वी वाक्य म्हणून पाहावे. ‘ट्रॉलर ही नौका आहे’ हे पटते. ‘तांडेल ही नौका आहे’ हे पटत नाही, म्हणून तांडेल नौकेच्या आत व्हेरिएबल म्हणून राहील. बंदराने यादीतल्या प्रत्येक नौकेला ‘मासेमारी कर’ एवढेच सांगावे. ट्रॉलर जाळे ओढत नेईल, पर्ससीन नौका थव्याला घेरेल. उद्या नवा प्रकार आला तरी बंदराचा कोड तसाच राहतो, हे पॉलिमॉर्फिझमचे खरे मोल आहे.

सरावासाठी १ जूनपासून लागू होणारी पावसाळी मासेमारीबंदी प्रोग्राममध्ये आणावी. आधी ती प्रत्येक नौकेच्या क्लासमध्ये लिहावी, मग तारीख बदलून किती फाइली उघडाव्या लागल्या ते मोजावे, आणि त्यानंतर तो नियम हंगामाच्या वेगळ्या क्लासमध्ये हलवून तीच तारीख पुन्हा बदलून पाहावी.