चन्नपट्टणच्या लाखकामात रंग कसा ठरवावा

कर्नाटकातील चन्नपट्टणच्या लाखकामासाठी, म्हणजे लाकडी वस्तूंवर रंगीत लाखेचा (कीटकांपासून मिळणाऱ्या राळेचा) थर चढवण्याच्या कामासाठी, वस्तूचा रंग कागदावरील छटेवरून ठरवू नये. ज्या लाकडाची वस्तू घडवायची, त्याच लाकडावर नमुना काढून घ्यावा. तेथे काळ्या कुड्याचे फिकट, घट्ट पोताचे लाकूड पुरते वाळवून लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, कातले जाते. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली, की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पातळ थर बसतो आणि केवड्याच्या पानाने घासल्यावर त्याला चकाकी येते. म्हणून छटेची पारख ही घासणी झाल्यानंतरच, दिवसाच्या उजेडात करावी. आराखड्यात गोलाई ठेवावी, कारण कांडी खोल, अरुंद खाचेत नीट पोहोचत नाही. हळदीचा पिवळा मला सर्वांत देखणा वाटतो, मात्र तो उन्हात फिका पडतो. गरम कपाखालच्या चकतीसाठी लाख मुळीच वापरू नये, ती उष्णतेने मऊ पडते.