पाण्याने खचणाऱ्या मातीवर रस्ता करताना

पहार मारली की खणखण वाजणारी माती पाहून साइटवर सगळे खूश होतात. मी मात्र आधी बादलीभर पाणी मागवतो. वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक मातीत कण एकमेकांना जेमतेम टेकलेले असतात. मधे पोकळ्या, सांध्यांवर थोडी चिकणमाती, चुना किंवा क्षार. कोरडेपणी हे सांधे भार पेलतात. पाणी लागलं की सुटतात आणि वरचं वजन तेवढंच असूनही माती खाली बसते.

ओळखायला सोपी परीक्षा आहे. रस्त्याच्या तळातून अखंड ढेकूळ काढून चाकूने दोन सारख्या कांड्या तासा. एक तशीच ठेवा. दुसरी भिजवून मळा आणि पुन्हा त्याच जाडीची वळा. ती उघड आखूड भरली तर संशय पक्का. हाताला चिकटलेली माती खरवडून परत घ्या, नाहीतर कांडी उगाच आखूड दिसेल.

मग अखंड नमुना लॅबला द्या. ईडोमीटरमध्ये, म्हणजे दाबाखाली माती किती बसते ते मोजणाऱ्या यंत्रात, 200 किलोपास्कल दाबाखाली भिजवायला सांगा. भिजल्यावर उंची 1 टक्क्याच्या आत घटली तर ठीक. 5 च्या वर गेली तर डिझाइन बदलावंच लागेल. नुसत्या सीबीआरवर, म्हणजे रस्त्याखालच्या मातीची ताकद मोजणाऱ्या नेहमीच्या चाचणीवर, विसंबू नका. त्या साच्यात माती कुटून भरतात, मूळ पोकळ्या तिथेच मोडतात.

थर उथळ असेल तर उकरा, पाणी मिसळा आणि थराथराने पुन्हा दाबा. ओलावा ऑप्टिममला, म्हणजे माती सर्वात घट्ट दाबली जाते तेवढा, किंवा किंचित वर हवा. पाणी वाचवायला कोरडीच माती रोलरखाली घातली, तर तो भरावही पुढे भिजल्यावर बसू शकतो. खोल थरापर्यंत साधा रोलर पोचत नाही; तिथे डायनॅमिक कॉम्पॅक्शन (उंचावरून जड वजन पुन्हा पुन्हा आपटून माती दाबणं), किंवा आधी भिजवून वर तात्पुरता भराव. नुसतं भिजवलं तर माती स्वतःच्या वजनापुरतीच बसते.

एवढं करूनही खरी लढाई कडेला असते. तिथली माती आधी भिजते, मधली कोरडीच राहते, आणि साइडपट्टीला समांतर लांब भेग पडते. म्हणून गटाराला अस्तर हवंच, आणि मोरीचे सांधे गळता कामा नयेत. भरावासाठी पायथ्याशीच माती उकरायची सवय तर मला अजिबात खपत नाही; त्या खड्ड्यात पाणी साचून थेट रस्त्याखाली मुरतं.

भेग दिसली तर लगेच भरा. पण त्याआधी गटाराच्या कडेने चालत जाऊन पाणी कुठे थबकतंय ते पाहा आणि तिथे चुन्याची खूण करा. दुरुस्तीचं पहिलं काम तिथलं.