बॉम्बरसह बेपत्ता झालेल्यांचा माग

दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर, म्हणजे बॉम्बफेकी विमानासह बेपत्ता झालेल्या माणसाचा माग काढायचा तर सुरुवात घरच्या पेटीपासून करा. तार, पेन्शनचा कागद, पदक, जे सापडेल ते. भारतीय सैनिकांच्या पदकांवर मागे किंवा कडेवर बहुधा क्रमांक आणि नाव कोरलेले असते. हा क्रमांक नावापेक्षा भरवशाचा, कारण पाटील, चौधरी नावे शेकड्यांनी आहेत.

मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (महायुद्धांत मेलेल्या राष्ट्रकुल सैनिकांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणारी संस्था) यादीत शोधा. इथेच बहुतेकांची गाडी अडते. कारण त्या काळी जळगाव पूर्व खान्देशात होते आणि धुळे पश्चिम खान्देशात; धुळ्याचे स्पेलिंग ‘धुलिया’ असे केलेले. आडनाव कधी पहिल्या नावाच्या जागी पडते. सगळे प्रकार टाकून पाहा. ज्यांची कबर नाही अशा, आग्नेय आशियात हरवलेल्या वैमानिकांची नावे सिंगापूरच्या क्रांजी स्मारकावर आहेत.

स्क्वाड्रन, म्हणजे हवाई दलाची तुकडी, कळली की लंडनमधल्या क्यू येथील नॅशनल आर्काइव्हजची (ब्रिटिश सरकारी अभिलेखागार) ‘एअर २७’ ही स्क्वाड्रनच्या कामगिरी-नोंदींची मालिका मागवा. त्यातला फॉर्म ५४१ महत्त्वाचा: विमानाचा क्रमांक, संपूर्ण क्रू, उड्डाणाची वेळ. एकट्या माणसाचा शोध थांबला तर क्रूमधल्या दुसऱ्याची नोंद तपासा, एकाचा मृतदेह सापडला असेल तर बाकीच्यांची जागाही उलगडते. मृत्यूची तारीख बहुधा बेपत्ता झाल्याची असते, तिला पुरावा मानू नका.