दिल्ली ते टोकियो: तिकिटावरचे तास कसे मोजायचे

लेक टोकियोला गेली तेव्हा माझं पहिलं तिकीट असं होतं: दिल्लीहून रात्री 8 ला निघून सकाळी 7 ला टोकियो, परतताना सकाळी 11.30 ला निघून संध्याकाळी 5.45 ला दिल्ली. मी बोटं मोजली. जाताना 11 तास, येताना सव्वासहा! म्हणून जाताना तीन जाडजूड दिवाळी अंक घेतले आणि वाचून झाले-न झाले, लेकीकडेच ठेवून आले. येताना समोरच्या सीटची पाठ बघत बसले.

तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. टोकियो आपल्यापुढे साडेतीन तास, बाराही महिने. दोन्ही देशांत उन्हाळ्यात घड्याळ पुढे-मागे करायची भानगड नाही. म्हणून पूर्वेला जाताना साडेतीन वजा करायचे, परतताना मिळवायचे. 11 चे झाले साडेसात. सव्वासहाचे पावणेदहा!

मग अंतर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी लावू नका, तो चपटा असतो. पृथ्वीगोल घ्या आणि शिवणाचा दोरा. लोकर नको, ती ताणते. आधी विषुववृत्ताभोवती दोरा गुंडाळून टेपवर मोजा. माझ्या गोलावर 94 सेंटीमीटर भरला. पृथ्वीचा घेर 40,075 किलोमीटर, म्हणजे एका सेंटीमीटरला 426. आता दोऱ्याचं एक टोक दिल्लीवर, दुसरं टोकियोवर धरून घट्ट ताणा. दोरा आपोआप उत्तरेकडे सरकतो, टोकियोच्याही वर जाऊन मग खाली येतो. पावणेचौदा सेंटीमीटर, म्हणजे साधारण 5,860 किलोमीटर.

विमान मात्र दोऱ्यावरून जात नाही, कारण दोरा तिबेटच्या पठारावरून जातो. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला झटकन 10,000 फुटांपर्यंत उतरावं लागतं, आणि तिथली जमीनच त्याहून उंच! म्हणून ते दक्षिणेकडून वळसा घेतं. मी 6,400 धरते. ताशी 900 ने सात तास आणि वर थोडं.

तरीही जाता-येता सव्वादोन तासांचा फरक का? वारा. जपानच्या वर, विमानं उडतात त्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार झोत वाहतो. हिवाळ्यात तो ताशी 200 किलोमीटरच्या वर सहज जातो. (तो मोजणारे जपानी हवामानतज्ज्ञ वासाबुरो ओइशी. त्यांनी 1926 मध्ये निष्कर्ष एस्पेरांतो या सगळ्या देशांसाठी मुद्दाम बनवलेल्या भाषेत छापले, जगाला कळावं म्हणून. फारसं कुणी वाचलंच नाही.) वारा सगळ्या वाटेवर सारखा नसतो, म्हणून मी सरासरी 100 धरते. जाताना 900 चे 1,000 होतात, परतताना 800. म्हणजे 6 तास 24 मिनिटं आणि 8 तास. धावपट्टीपर्यंतची रांग, चढणं-उतरणं यांची पाऊण तास भर घाला. थंडीत परतताना 700 च धरा. उत्तर दहा तासांच्या आसपास येतं, तिकिटाशी जुळतं.

यंदाही नोव्हेंबरात जाणार आहे. दोन अंक येतानासाठी बाजूला काढलेत, जाताना झोपणार.